शोध माझा राहतो, मग मला का राहता येत नाही? स्वीडनच्या संसदेला खुले पत्र

प्रति,
रिक्सदागचे सर्व सदस्य आणि स्वीडनचे सरकार,
स्टॉकहोम

मान्यवर,

काल १० डिसेंबर २०२३ होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास इथे लुन्दमध्ये सूर्य मावळला आणि आम्ही सहा जण माझ्या भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने बसून नोबेलचा सोहळा बघू लागलो. कातालिन कारिको राजाच्या हातून पदक घ्यायला उठल्या तेव्हा खोलीत कुणीच बोललं नाही. हंगेरीतून १९८५ साली नवरा आणि लहान मुलीला घेऊन परदेशी गेलेली, पद खाली आणलं गेलं तरी प्रयोगशाळा न सोडलेली ही बाई. आम्हा सहाही जणांना त्यांच्यात आपलं काहीतरी दिसत होतं. सहापैकी पाच जणांचे करार येत्या वर्षात संपतात. त्यातली एक मी.

त्याच्या दोनच दिवस आधी, ८ डिसेंबरला, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्रिस्परच्या, म्हणजे जनुकात नेमका बदल करण्याच्या, तंत्रावर उभ्या असलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. ब्रिटनने ती १६ नोव्हेंबरलाच दिली होती. हा उपचार सिकलसेलवर आहे. या दोन बातम्या एकाच आठवड्यात आल्या आणि इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या नव्या अटीविषयीचं, गेली अडीच वर्षं मनात दाबून ठेवलेलं हे पत्र लिहायला बसले.

पत्र मराठीत आहे, कारण इथे पीएचडीला येऊ पाहणारी मुलं-मुली नागपूर-पुण्यात, नांदेड-कोल्हापुरात हे वाचतील आणि त्यांचे आई-वडीलही वाचतील. त्यांना इथली चांगली बाजू ठाऊक असते. दुसरी बाजूही निर्णय घेण्याआधी कळली पाहिजे. याची स्वीडिश प्रत तुमच्याकडे वेगळी पाठवली आहे.

माझं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीच्या बाजूला. सिकलसेल हा शब्द आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतो. माझा मामेभाऊ ‘एसएस’ आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेला. थंडी पडली की त्याचे सांधे धरायचे. मामी वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि रात्रभर त्याचे गुडघे शेकायची. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात, हे मला पुस्तकाच्या आधी त्याच्या कण्हण्यातून कळलं. शिबिरात बोटाला टोचून घ्यायचं, सोल्युबिलिटीची चाचणी, मग खात्रीची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी, मग निकालाचं कार्ड. आमच्याकडे लग्न ठरवताना पत्रिकेच्या आधी हे कार्ड बघणारी घरं आता वाढली आहेत आणि ते चांगलंच आहे.

नागपूरला एमएससी करून मी सप्टेंबर २०१७ मध्ये दक्षिण स्वीडनमधल्या एका विद्यापीठात पीएचडीला आले. विषय रक्ताच्या मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातल्या बाकी पेशी बनतात त्या. सिकलसेलच्या या नव्या उपचारात रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढतात आणि प्रयोगशाळेत बीसीएल११ए नावाच्या जनुकाच्या नियंत्रक भागावर कात्री चालवतात. त्यामुळे जन्मानंतर बंद पडलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. मग केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करतात आणि सुधारलेल्या पेशी परत सोडतात. मधल्या काळात या पेशी शरीराबाहेर असतात. तिथे त्या थकतात, बदलतात, काही मरतात. त्या काळात त्यांना कमी इजा व्हावी, एवढ्याच प्रश्नावर मी सहा वर्षं घालवली आहेत. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर जाहीर झाली आहे, म्हणजे साधारण १८ कोटी रुपये. गडचिरोलीच्या माणसासाठी तो आकडा उच्चारण्यातही अर्थ नाही. पण जिथे जिथे पेशी कमी वाया जातील आणि प्रक्रियेतली एखादी पायरी सोपी होईल, तिथे तिथे तो आकडा खाली यायची वाट निघेल. माझं काम त्यातल्या एका छोट्या पायरीवर आहे.

तक्रारीआधी या देशाचं जे देणं लागते ते मोकळेपणाने मान्य करते. इथे पीएचडी करणारा हा नोकरदार असतो. महिन्याला पगार मिळतो, आजारपणाची रजा मिळते, निवृत्तिवेतनात भर पडते. प्राध्यापकाला नावाने हाक मारायची असते. मला ते जमायला वर्ष लागलं. आणि या गावाला इतिहास आहे. लुन्दमध्येच निल्स आल्वाल यांनी १९४६ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड रुग्णाला जोडलं. लुन्दमध्येच १९५३ साली इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातलं, धातूतल्या भेगा शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र उसनं आणलं आणि धडधडतं हृदय बाहेरून पाहिलं. आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावातसुद्धा ‘टूडी इको करून घ्या’ असं डॉक्टर सांगतात, त्या इकोचं मूळ इथलं. हर्ट्झ जन्माने बर्लिनचे. महायुद्धात अमेरिकेच्या कैदेत राहून ते इथे आले आणि इथेच राहिले. मी रोज सायकलने त्यांच्या गावातून जाते आणि मनात येतं, की या माणसाला तेव्हा कुणी ‘तुझा करार आणखी किती महिने आहे’ असं विचारलं असतं तर?

आता मुख्य गोष्ट.

१ जुलै २०१४ पासून तुमच्या देशात एक समंजस नियम होता. गेल्या सात वर्षांत चार वर्षं पीएचडीच्या परवान्यावर राहिलेल्या माणसाला कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला आम्ही सगळे पीआर म्हणतो, तो मिळू शकत असे. २० जुलै २०२१ ला परकीयांविषयीचा कायदा बदलला. चार वर्षांची अट तशीच राहिली, पण तिच्यापुढे आणखी एक भिंत उभी राहिली: पुढच्या काळातही तुम्ही स्वतःचा खर्च भागवाल हे सिद्ध करा. व्यवहारात त्याचा अर्थ असा लावला गेला की नोकरी एकतर कायमची हवी, नाहीतर निर्णयाच्या दिवसापासून पुढे किमान १८ महिन्यांची हवी.

हा बदल का झाला हे मला समजतं. २०१५ मध्ये या देशात १ लाख ६० हजारांहून अधिक लोकांनी आश्रय मागितला, २०१६ मध्ये तात्पुरता कायदा आला आणि २०२१ मध्ये त्यातला बराचसा भाग कायम झाला. तो तुमच्या देशाचा प्रश्न आहे, तुमच्या मतदारांचा आहे, त्यावर मी पाहुणी म्हणून मत देत नाही. पण आश्रयासाठी विणलेल्या जाळ्यात पीएचडी करणारे आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर मुदतीच्या करारावर संशोधन करणारे, सापडले, आणि सापडले हे दिसल्यावरही जाळं तसंच राहिलं. माझी तक्रार या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

पहिला मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. ही अट पूर्ण करणं तुमच्याच दुसऱ्या नियमाने अशक्य केलं आहे. तुमच्या उच्च शिक्षणाच्या अध्यादेशात, पाचव्या प्रकरणाच्या सातव्या कलमात लिहिलं आहे की पीएचडीची पहिली नेमणूक जास्तीत जास्त एक वर्षाची असेल आणि नंतर एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांनी वाढवता येईल. पदवी मिळाल्यावर वर्षभरापलीकडे ती नेमणूक चालू ठेवता येत नाही. म्हणजे चार वर्षं पूर्ण करून जो पीआरला पात्र ठरतो, त्याच्या हातात नेमके शेवटचे काही महिने उरलेले असतात. सरकारचा एक कागद विद्यापीठाला लांब करार करू देत नाही आणि दुसरा कागद लांब करार नाही म्हणून दार बंद करतो. यात विद्यार्थ्याने काय करायला हवं होतं, हे कुणी मला समजावून सांगावं. आळस केला असता तर चूक माझी होती. नेमून दिलेलं काम नेमून दिलेल्या वेळात पूर्ण केलं, त्यामुळेच करार संपत आला.

पोस्टडॉकचीही तीच गत. करार दोन वर्षांचा, फार तर तीन. अट मोजायची ती अर्ज केल्याच्या दिवसापासून नाही, निर्णयाच्या दिवसापासून. दोन वर्षांच्या कराराच्या पहिल्या दिवशी अर्ज केला आणि निर्णयाला सात महिने लागले, तर उरतात १७. तो सातवा महिना कुणाच्या टेबलावर गेला हे अर्जदाराच्या हातात नसतं, पण नकार त्याच्याच नावावर येतो.

माझं स्वतःचं गणित सांगते. सप्टेंबर २०१७ ला आले, चार वर्षं भरली सप्टेंबर २०२१ ला. कायदा बदलून दोन महिने झाले होते. मे २०२२ मध्ये प्रबंधाचं ‘स्पिकनिंग’ झालं, म्हणजे इथल्या जुन्या रीतीप्रमाणे मी माझा प्रबंध हातोडीने खिळा ठोकून फळीवर लावला. आई-बाबा व्हिडिओ कॉलवर होते. हातोडीचा आवाज ऐकून बाबा म्हणाले, ‘आता पक्की झालीस तिथं.’ मी काही बोलले नाही. सप्टेंबर २०२२ पासून दोन वर्षांचा पोस्टडॉकचा करार मिळाला. तो येत्या ऑगस्टअखेर संपेल. आज माझ्याकडे साडेआठ महिने आहेत.

दुसरा मुद्दा, ज्यांचे अर्ज आधीच पडून होते त्यांचा. २० जुलै २०२१ च्या आधी, जुन्या नियमावर भरवसा ठेवून, सगळ्या अटी पूर्ण करून ज्यांनी अर्ज दिले, त्यांच्यासाठी कायद्यात संक्रमणाची कुठलीच तरतूद ठेवली नाही. त्यांचे अर्ज नव्या अटींवर तपासले गेले. कुणी त्या आधारावर मुलाला इथल्या बालवाडीत घातलं होतं, कुणी दुसऱ्या देशातली नोकरी नाकारली होती. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नयेत, हे आमच्याकडे विटीदांडू खेळणाऱ्या पोरांनाही कळतं. विद्यापीठातल्या शिक्षक-संशोधकांची संघटना आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी तेव्हापासून हेच सांगत आहेत.

तिसरा मुद्दा मालकीचा आहे आणि त्याच्यामुळेच या पत्राला हे नाव दिलं.

१९४९ पासून तुमच्या कायद्यात एक दुर्मीळ गोष्ट आहे. नोकरदाराने लावलेल्या शोधावर नोकरी देणाऱ्याचा हक्क असतो, पण विद्यापीठातले शिक्षक त्याला अपवाद आहेत. त्यांचा शोध त्यांच्याच मालकीचा राहतो. संशोधक आणि नोकरीवर असलेले पीएचडीचे विद्यार्थीही त्यात येतात. डेन्मार्कने २००० साली हा अपवाद काढून टाकला, नॉर्वेने २००३ मध्ये, फिनलंडने २००७ मध्ये. तुम्ही तो जपलात. इमान्युएल शार्पोंतिए यांचं उदाहरण तुम्ही सगळे अभिमानाने सांगता. त्या फ्रान्सच्या. उत्तरेकडे उमिओ विद्यापीठात असताना त्यांनी जिवाणूंमधल्या, क्रिस्परला लागणाऱ्या एका छोट्या आरएनएचं काम उलगडलं, ते २०११ मध्ये छापून आलं; पुढच्याच वर्षी जेनिफर डाउडना यांच्याबरोबरचा क्रिस्परचा शोधनिबंध आला, आणि २०२० मध्ये दोघींना नोबेल. या कायद्यामुळेच क्रिस्परच्या पेटंट अर्जांवर शार्पोंतिए यांचं नाव विद्यापीठाऐवजी स्वतःच्या हक्काने आहे. त्या हक्काच्या जोरावर कंपन्या उभ्या राहिल्या, आणि त्यातल्याच एका कंपनीच्या भागीदारीतून सिकलसेलवरचा हा पहिला उपचार आला. उमिओच्या बर्फातून निघालेला एक धागा माझ्या मामेभावाच्या आजारापर्यंत असा पोचतो.

शार्पोंतिए युरोपीय संघाच्या नागरिक, त्यांना इथे राहायला परवाना लागत नव्हता. माझ्यासारखीला लागतो. माझ्या कामातून निघालेल्या पद्धतीचा पेटंट अर्ज आम्ही तिघांनी गेल्या वर्षी केला. त्यावर मालक म्हणून माझं नाव आहे, आणि ते या देशाचं ऋण आहे. पण पेटंट अर्ज म्हणजे बियाणं. पेरायला जमीन लागते, राखायला हंगाम लागतो. मूळ पेशींवरची कुठलीही पद्धत प्रयोगशाळेतून रुग्णालयाच्या उंबरठ्यापर्यंत न्यायची तर दहा वर्षं सहज जातात. तुम्ही मला शोधाची मालकी देता आणि तो वाढवायला साडेआठ महिने देता. मालक निघून गेला की त्या शोधाचं काय होतं? बहुतेक वेळा शुल्क भरायला कुणी राहत नाही आणि कागद मरतो. यात माझं नुकसान आहेच, पण तुमच्या करदात्यांनी माझ्या सहा वर्षांच्या पगारावर, रसायनांवर, यंत्रांवर खर्च केलेला पैसाही त्याच्याबरोबर जातो.

कंपनी काढून इथे राहावं म्हटलं, तर स्वतंत्र व्यावसायिकाच्या परवान्याला निर्वाहासाठी पदरचे दोन लाख क्रोनर दाखवावे लागतात. दुसऱ्या कुणाच्या नवख्या कंपनीत जावं म्हटलं, तर १ नोव्हेंबरपासून कामाच्या परवान्यासाठी महिना २७,३६० क्रोनर पगाराची अट आली आहे. मोठ्या कंपनीला हा आकडा काहीच नाही. तीन माणसांच्या, पहिल्या अनुदानावर चालणाऱ्या कंपनीला तो कधी कधी झेपत नाही, आणि नवं काही सुरू होतं ते अशाच तीन माणसांच्या खोलीत.

पीएचडीनंतर नोकरी शोधायला किंवा व्यवसाय सुरू करायला तुम्ही १२ महिने देता. स्वीडन आणि डेन्मार्कला जोडणारा ओरेसुंदचा पूल ओलांडला की कोपनहेगन. लुन्दहून लोकल पकडली तर जेमतेम पाऊण तास. तिथे याच एप्रिलपासून डॅनिश विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला तीन वर्षं मिळू लागली आहेत. फिनलंडने गेल्या वर्षीपासून दोन वर्षं दिली आहेत. आपण दोन्ही काठांना मिळून ‘मेडिकॉन व्हॅली’ म्हणतो, औषध-संशोधनाचा एकच प्रदेश म्हणून जगभर त्याची जाहिरात करतो. नोवो नॉर्डिस्क ही औषध कंपनी या सप्टेंबरात युरोपातली सगळ्यात मौल्यवान कंपनी ठरली, ती पुलाच्या पलीकडची. माझ्या कॉरिडॉरमधली दोन माणसं गेल्या दीड वर्षात पलीकडे गेली, एक स्वित्झर्लंडमधल्या बासेलला गेला. एक इराणी मैत्रीण मात्र कुठेच जाऊ शकत नाही आणि परतही जाऊ शकत नाही. तिच्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

माणसं इथेच राहिली की काय होतं, हे लुन्दने स्वतः पाहिलं आहे. २०१० मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाने इथलं संशोधन केंद्र बंद करण्याची घोषणा केली. सुमारे ९०० जणांच्या नोकऱ्या होत्या. सगळ्यांना वाटलं गाव बसलं. त्याच इमारतींत २०१२ पासून ‘मेडिकॉन व्हिलेज’ उभं राहिलं आणि लहान लहान कंपन्यांनी ते भरलं. त्या कंपन्यांत बरीच माणसं तीच होती, ज्यांची नोकरी गेली होती. कंपनी गेली, पण ज्यांच्या डोक्यात काम होतं ती माणसं याच गावात घरं करून होती, मुलं याच शाळांत होती, म्हणून ती दुसरं काही उभं करू शकली. त्यांच्यावर तेव्हा १८ महिन्यांची अट असती तर त्या इमारतींत आज काय असतं?

चौथा मुद्दा छोटा वाटेल. परवान्याचं नूतनीकरण प्रलंबित असताना आमच्यासारख्या देशांतल्या माणसाला बाहेर पडलं की परत येण्याची खात्री राहत नाही. त्यामुळे नागपूरच्या एका गटाबरोबर रुग्णांच्या नमुन्यांविषयी ठरलेली बैठक मी दोनदा चुकवली. आणि मामेभावाचं लग्न चुकवलं. ‘एसएस’ असलेल्या मुलाला कोण मुलगी देईल, असं ज्याच्या बाबतीत वीस वर्षं बोललं गेलं, त्याच्यासाठी मुलीने स्वतःहून चाचणी करून घेतली, ती ‘एए’, म्हणजे सदोष जनुक नसलेली, निघाली, आणि ती म्हणाली, मग अडचण काय? त्या लग्नात अक्षता टाकायला मी नव्हते. मी इथे पेटीत ठेवलेल्या पेशींना दर दोन दिवसांनी खाद्य देत होते आणि परवान्याच्या पत्राची वाट पाहत होते.

डिसेंबर २०१९ मध्ये तुमच्या सरकारने जीवविज्ञानासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केलं: स्वीडन या क्षेत्रात आघाडीवर राहावा. देशाच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांहून अधिक पैसा तुम्ही संशोधन-विकासावर लावता, जगात फार थोडे देश तेवढा लावतात. याच गावात २०१६ साली, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, ‘मॅक्स फोर’ सुरू झालं, क्ष-किरणांचं ते प्रचंड वर्तुळ. शेजारी न्यूट्रॉनचं केंद्र बांधलं जातंय. यंत्रं तुम्ही जमिनीत पक्की रोवली आहेत. ती चालवणाऱ्यांत, दर दहा नव्या पीएचडी विद्यार्थ्यांत साधारण चार परदेशातून आलेले असतात. त्यांच्याविषयी त्या धोरणाशी जुळणारा निर्णय घ्या, एवढंच म्हणते आहे.

माझ्या मागण्या अशा.

पीएचडी करणाऱ्यांना आणि संशोधकांना १८ महिन्यांच्या अटीतून वगळा. सात वर्षांत चार वर्षं काम केलेल्याला २०१४ ते २०२१ या काळात होता तसा पीआरचा मार्ग पुन्हा खुला करा. स्वतःचा खर्च भागवण्याची खात्री हवीच असेल तर मागे बघा: चार वर्षं पगार घेतला, कर भरला, कुणाकडे हात पसरला नाही, हा पुरावा पुढच्या कराराच्या तारखेपेक्षा भक्कम आहे.

हे लगेच होत नसेल तर निदान मोजणी अर्जाच्या दिवसापासून करा. यासाठी फार मोठा कायदा लागू नये.

२० जुलै २०२१ च्या आधी अर्ज केलेल्यांपैकी ज्यांना फक्त या नव्या अटीमुळे नकार मिळाला, त्यांचे अर्ज जुन्या नियमाने पुन्हा तपासा. त्यातले जे देश सोडून गेले त्यांनाही कळवा.

पीएचडीनंतर नोकरी शोधण्याचा काळ निदान दोन वर्षांचा करा, आणि स्वतःच्या पेटंट अर्जावर काम करणाऱ्याला कंपनी उभी करायला वेगळी, लांब मुदत द्या. नूतनीकरण प्रलंबित असताना संशोधकाला देशाबाहेर जाऊन परत येण्याची लेखी हमी द्या. आणि १९४९ चा अपवाद रद्द करण्याची चर्चा अधूनमधून होते, ती होऊ देऊ नका. तो या देशाकडे असलेला ठेवा आहे.

महाराष्ट्रातून इथे यायच्या तयारीत असलेल्या मुलामुलींनाही दोन शब्द. येऊ नका असं मी म्हणत नाही. इथे जे शिकायला मिळालं ते मला दुसरीकडे मिळालं नसतं. पण करारपत्र आलं की पगाराच्या आधी मुदत वाचा, आणि चौथ्या वर्षाची वाट न बघता दुसऱ्याच वर्षी या प्रश्नावर तुमच्या विभागप्रमुखाशी बोला. तुमच्या संघटनेचे सभासद व्हा.

माझ्या प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजनच्या टाकीत उणे १९६ अंशांवर ४१२ नळ्या आहेत, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात तारीख आहे. त्या तिथे बरीच वर्षं टिकतील. ऑगस्टनंतर त्या कुणाच्या ताब्यात द्यायच्या, याची यादी मी जानेवारीत करायला घेणार आहे. त्याआधी तुमचं उत्तर आलं तर ती यादी थांबवीन.

आपली,
एक पोस्टडॉक संशोधक
लुन्द, ११ डिसेंबर २०२३